जँगोत एरर कुठे पकडायचे आणि कुठे सोडून द्यायचे

जँगोत, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, एरर हाताळायचे म्हणजे प्रत्येक व्ह्यूमध्ये (रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या फंक्शनमध्ये) ट्राय-एक्सेप्ट लावायचं, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. खरं तर व्ह्यूमधून सुटलेलं प्रत्येक एक्सेप्शन जँगो स्वतःच पकडतो आणि त्याच्या प्रकारावरून उत्तराचा स्टेटस, म्हणजे एचटीटीपी क्रमांक, ठरवतो. एचटीटीपी४०४ असेल तर ४०४, परमिशनडिनाइड असेल तर ४०३, सस्पिशसऑपरेशन किंवा बॅडरिक्वेस्ट असेल तर ४००, आणि उरलेल्या सगळ्यांसाठी ५००. आपल्याकडे दोनच कामं उरतात: वापरणाऱ्याला नीट पान दाखवायचं आणि पूर्ण ट्रेसबॅक (एरर कोणत्या ओळीतून आला त्याचा माग) आपल्यापर्यंत पोचेल याची सोय करायची. गफलत बहुतेक वेळा दुसऱ्या कामात होते.

आधी डीबग बंद करून बघा

सेटिंग्जमध्ये डीबग ट्रू असताना एरर आला की ट्रेसबॅकचं ते पिवळ्या पट्टीचं पान दिसतं आणि ४०३ सोडून तुमची स्वतःची एरर पानं वापरलीच जात नाहीत. त्यामुळे ती तपासायची असतील तर लोकल मशीनवरच डीबग फॉल्स करा आणि अलाउड_होस्ट्समध्ये (साइट कोणत्या नावांनी उघडू द्यायची त्या यादीत) लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ घाला. ही यादी रिकामी ठेवली तर रनसर्व्हर (जँगोचा लोकल सर्व्हर) सुरूच होत नाही. प्रॉडक्शनवर (खऱ्या साइटवर) तिच्यात डोमेनचं नाव नसेल तर प्रत्येक रिक्वेस्टला ४०० मिळतो, आणि कोडमध्ये काय बिघडलं ते शोधण्यात दुपार जाते.

डीबग बंद केल्यावर रनसर्व्हर सीएसएस आणि चित्रं देणं थांबवतो. पान उघडंबोडकं दिसलं तर घाबरू नका. तपासणीपुरता इनसिक्युअर हा पर्याय देऊन रनसर्व्हर चालवा, पण प्रॉडक्शनवर तो कधीही वापरू नका.

पानं

टेम्प्लेट्सच्या मुख्य फोल्डरमध्ये ४००.एचटीएमएल, ४०३.एचटीएमएल, ४०४.एचटीएमएल आणि ५००.एचटीएमएल ठेवलं की जँगो ती आपोआप उचलतो. सीएसआरएफ तपासणीत (फॉर्म आपल्याच साइटवरून आला का, ते बघण्यात) अडकलेल्या फॉर्मसाठी ४०३_सीएसआरएफ.एचटीएमएल ही वेगळी फाइल लागते.

५०० चं पान मात्र ४०४ सारखं नाही. ४०४ च्या टेम्प्लेटला रिक्वेस्ट मिळते आणि कॉन्टेक्स्ट प्रोसेसर (प्रत्येक टेम्प्लेटला सामाईक माहिती देणारी फंक्शन्स) चालतात. ५०० च्या टेम्प्लेटला यातलं काहीच मिळत नाही, म्हणजे यूजर नाही आणि मेन्यूसाठी लागणारी माहितीही नाही. हे मुद्दामच तसं ठेवलंय. डेटाबेसच बंद पडला असेल तर एरर पानाने पुन्हा डेटाबेसकडे धाव घेऊ नये. म्हणून ५००.एचटीएमएल बेस टेम्प्लेटवरून एक्स्टेंड करू नका. साधं, स्वयंपूर्ण एचटीएमएल लिहा आणि सीएसएस त्यातच घाला. मॅनिफेस्ट स्टोरेज (स्टॅटिक फाइलींच्या नावांची यादी ठेवणारी सोय) वापरत असाल तर स्टॅटिक टॅगही टाळा. कलेक्टस्टॅटिक (त्या फाइली गोळा करणारी कमांड) चालवायचं राहिलं तर तो टॅग स्वतःच व्हॅल्यूएरर देतो, आणि एरर पान दाखवतानाच दुसरा एरर येतो.

स्वतःचा व्ह्यू हवा असेल तर हँडलर४०४, हँडलर५०० ही नावं मुख्य यूआरएल फाइलमध्ये द्या. एखाद्या ॲपच्या यूआरएल फाइलमध्ये दिली तर जँगो त्यांच्याकडे बघतही नाही. हँडलर५०० ला फक्त रिक्वेस्ट मिळते, बाकी तिघांना रिक्वेस्ट आणि एक्सेप्शन. रेंडर करताना स्टेटस द्यायला विसरू नका. तो राहिला तर 'पान सापडलं नाही' हे वाक्य २०० स्टेटसने जातं आणि सर्च इंजिन असल्या पानांना खरी पानं समजतात.

ट्रेसबॅक जातो कुठे?

जँगोच्या मूळ लॉगिंगमध्ये कन्सोल हँडलर (टर्मिनलवर लिहिणारा) फक्त डीबग ट्रू असताना चालतो. डीबग बंद झाला की ५०० चा ट्रेसबॅक ॲडमिन्सना मेलने जातो, आणि फक्त तिथेच. ॲडमिन्स ही सेटिंग रिकामी असेल तर तो कुठेच जात नाही. गनिकॉर्नच्या (प्रॉडक्शनवर जँगो चालवणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये काही नाही, सिस्टिम लॉगमध्येही काही नाही, वापरणाऱ्यासमोर मात्र 'सर्व्हर एरर'.

मेलच्या भरवशावरही राहू नका. हा मेल गेला नाही तर जँगो गप्प बसतो, त्याचा वेगळा एरर येत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता, म्हणजे सर्व्हर_ईमेल, मुळात रूट ॲट लोकलहोस्ट असा असतो आणि बऱ्याच मेल सेवा तो नाकारतात. शिवाय एररमागे एक मेल, म्हणजे गर्दीच्या पानावर बिघाड झाला की इनबॉक्स भरलाच म्हणून समजा.

तेव्हा सेटिंग्जमध्ये लॉगिंगची डिक्शनरी स्वतः लिहा. एक स्ट्रीमहँडलर घ्या, त्याला डीबगचा फिल्टर लावू नका, आणि तो रूट लॉगरला वॉर्निंग पातळीवर जोडा. डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स फॉल्स ठेवा. जँगो.रिक्वेस्ट हा लॉगर ५०० च्या घरातले एरर 'एरर' पातळीवर आणि ४०० च्या घरातले 'वॉर्निंग' पातळीवर नोंदवतो, त्यामुळे दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात.

एरर मेलमध्ये पोस्टचा डेटा आणि कुकीजही असतात. ज्यांच्या नावात पास, की, टोकन, सिक्रेट असं काही आहे त्या सेटिंग्ज जँगो झाकतो, पण फॉर्ममधून आलेला कार्ड नंबर झाकत नाही. त्या व्ह्यूवर सेन्सिटिव्ह_पोस्ट_पॅरामीटर्स हा डेकोरेटर लावा आणि त्याच्यापुढचे कंस विसरू नका.

व्ह्यूमध्ये काय पकडायचं

ज्या एररवर त्या जागी काही उपाय करता येतो, तेवढाच पकडा. नोंद सापडली नाही तर गेट_ऑब्जेक्ट_ऑर_४०४ पुरतं. पण एकाऐवजी दोन नोंदी सापडल्या तर ते ४०४ देत नाही, मल्टिपलऑब्जेक्ट्सरिटर्न्ड सोडतं आणि ५०० येतो. ते बरोबरच आहे, कारण तिथे डेटाच बिघडलेला असतो. बाहेरच्या सेवेला हाक मारत असाल तर टाइमआउट द्या, तेवढंच एक्सेप्शन पकडा आणि एक्सेप्टच्या आत लॉगर.एक्सेप्शन वापरा. लॉगर.एररला नुसता मजकूर दिला तर ट्रेसबॅक हरवतो. 'एक्सेप्ट एक्सेप्शन' खाली 'पास' लिहिलेलं दिसलं तर ते काढून टाका, कोणीही लिहिलेलं असो.

ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे डेटाबेसमधले बदल एकत्र नोंदायचे किंवा एकत्र रद्द करायचे असतात तिथे, ही चूक जास्त महागात पडते. ॲटॉमिक_रिक्वेस्ट्स (प्रत्येक रिक्वेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवणारी सेटिंग) ट्रू असेल तर व्ह्यूमधून एक्सेप्शन बाहेर पडल्यावरच जँगो रोलबॅक करतो, म्हणजे बदल रद्द करतो. तुम्ही ते आतच पकडून ४०० चा रिस्पॉन्स परत केला तर जँगोच्या दृष्टीने सगळं सुरळीत झालं, आणि तो कमिट करतो, म्हणजे बदल पक्के करतो. ऑर्डर नोंदली गेली, स्टॉक कमी झालाच नाही, अशी अर्धवट अवस्था इथूनच येते.

दुसरी चूक म्हणजे ॲटॉमिक ब्लॉकच्या आत इंटिग्रिटीएरर (डेटाबेसचा नियम मोडल्याचा एरर) पकडून पुढची क्वेरी चालवणं. मग ट्रान्झॅक्शनमॅनेजमेंटएरर येतो आणि तो भलत्याच ओळीकडे बोट दाखवतो. क्रम उलटा करा: ट्राय बाहेर, ॲटॉमिक ब्लॉक त्याच्या आत, एक्सेप्ट पुन्हा बाहेर. एवढं केलं तरी रोलबॅक होतो तो डेटाबेसमध्ये. पायथनमधल्या ऑब्जेक्टच्या फील्डची बदललेली किंमत तशीच राहते, ती हाताने पूर्ववत करावी लागते किंवा रिफ्रेश_फ्रॉम_डीबीने नव्याने वाचावी लागते. मेल पाठवण्यासारखी कामं ट्रान्झॅक्शन.ऑन_कमिटमध्ये टाका, नाहीतर रद्द झालेल्या ऑर्डरची पावती ग्राहकाकडे पोचते.

एपीआय बनवण्यासाठी जँगोवर रेस्ट फ्रेमवर्क वापरत असाल, तर त्याचा एक्सेप्शन हँडलर फक्त एपीआयएक्सेप्शन, एचटीटीपी४०४ आणि परमिशनडिनाइड ओळखतो. स्वतःचा लिहिताना आधी मूळ हँडलरला हाक मारा आणि त्याने दिलेला रिस्पॉन्स बदला. ॲटॉमिक_रिक्वेस्ट्सचा रोलबॅक तिथेच होतो. त्याने नन परत केलं तर तुम्हीही नन परत करा.

तपासणी

मुद्दाम शून्याने भागणारा एक व्ह्यू लिहा, तो फक्त स्टेजिंगवर (तपासणीसाठीच्या सर्व्हरवर) जोडा आणि उघडा. पान, लॉग आणि मेल, तिन्ही बघा. टेस्टमध्ये मात्र टेस्ट क्लायंट एक्सेप्शन जसंच्या तसं वर फेकतो. ५०० चं पान तपासायचं असेल तर क्लायंट बनवताना रेझ_रिक्वेस्ट_एक्सेप्शन फॉल्स द्या.

५०२ दिसला तर जँगोच्या लॉगमध्ये शोधण्यात वेळ घालवू नका. गनिकॉर्न ३० सेकंदांत उत्तर न आल्यास वर्कर मारतो, त्याच्यापुढे असणाऱ्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरची वाट पाहण्याची मुदत मुळात ६० सेकंद असते, म्हणून संथ व्ह्यू बहुधा ५०४ न देता ५०२ देतो. गनिकॉर्नच्या लॉगमध्ये 'वर्कर टाइमआउट' शोधा, आणि ५०२ साठीचं पान एनजिनएक्सच्या एरर_पेजमध्ये वेगळं द्या, कारण त्या क्षणी जँगो उत्तर द्यायला जागेवर नसतो.