कधी पास, कधी फेल: ब्राउझरच्या टेस्ट लिहिताना या चुका टाळा

टेस्ट लाल झाली, रिरन मारला, हिरवी झाली, पॅच मर्ज. ब्राउझरच्या कोडवर काम करताना ही सवय आधी मोडा. अशा लहरी टेस्टमागे बहुतेकदा एकच भानगड असते: अमुक गोष्ट तमुकच्या आधी घडेल, असं टेस्टने परस्पर धरून चाललेलं असतं.

नेहमीचा गुन्हेगार सेटटाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळ थांबून मग कोड चालवणारं फंक्शन. ‘५०० मिलिसेकंद थांबू, तोवर पान लोड होईल.’ तुमच्या लॅपटॉपवर होतंही. सीआयवर (बदल आला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) मात्र डीबग किंवा अ‍ॅड्रेस सॅनिटायझरचं (मेमरीच्या चुका पकडणारं) बिल्ड असतं आणि ते बरंच संथ चालतं. मग कुणीतरी ५०० चे २००० करतं. फेल होणं कमी होतं, थांबत नाही. वर सगळा टेस्ट-सूट रेंगाळतो तो वेगळाच. फायरफॉक्सच्या मोचीटेस्ट या टेस्ट-फ्रेमवर्कमध्ये शून्याहून मोठा टाइमआउट वापरायचा तर रिक्वेस्ट-फ्लेकी-टाइमआउट कॉल करून कारण द्यावं लागतं. कटकट आहे, पण हवीच.

वेळेची नव्हे, इव्हेंटची वाट बघा. तिथेही क्रम चुकतो. आधी क्लिक, मध्ये एखादा अवेट (काहीतरी पूर्ण होईपर्यंत थांबणं), मग लोडचा लिसनर (तो इव्हेंट टिपणारा कोड). तोवर लोड होऊनही गेलेला असतो आणि टेस्ट टाइमआउटपर्यंत ताटकळते. म्हणून लोडची वाट बघणारं प्रॉमिस आधी बनवा, मग क्लिक, मग अवेट. नव्या टॅबमध्ये आणखी एक गोची: सुरुवातीच्या कोऱ्या ‘अबाउट-ब्लँक’ पानाचा लोड इव्हेंट आपल्याच पानाचा समजला जाऊ शकतो. यूआरएल तपासूनच पुढे जा.

एकटी चालवली की पास, इतरांसोबत फेल? मग आधीच्या टेस्टने काहीतरी मागे सोडलंय: बदललेली प्रेफ (ब्राउझरची सेटिंग), उघडा टॅब, कुकी. क्लीनअप शेवटच्या ओळीत ठेवू नका. मध्येच एक्सेप्शन आलं तर ती ओळ चालणारच नाही. क्लीनअप फंक्शन सुरुवातीलाच रजिस्टर करा.

‘माझ्याकडे रिप्रोड्यूस होत नाही’ म्हणून बग बंद करू नका. टेस्ट लूपमध्ये चालवा. लिनक्सवर आरआर या रेकॉर्ड-रिप्ले डीबगरचा केऑस मोड थ्रेडचं शेड्युलिंग मुद्दाम उलटसुलट करतो, त्यामुळे क्वचित होणारी रेस (कोणतं काम आधी होतं यावर अवलंबून असलेली चूक) लवकर सापडते. रेकॉर्डिंग हवं तितक्या वेळा रिप्लेही करता येतं.

डिसेबल करायचीच झाली तर फक्त फेल होणाऱ्या प्लॅटफॉर्मवर करा, शेजारी बग नंबर टाकून. त्याआधी एक नक्की बघा: रेस टेस्टमध्ये आहे की ब्राउझरमध्येच? ब्राउझरमध्ये असेल तर टेस्ट बरोबरच सांगतेय.