जागलीवर वाचायची पुस्तकं

हरभऱ्याच्या जागलीला मचाणावर बसलो की मोबाइलवर वाचत असतो. आधीच रानडुकरांची धास्ती, त्यात फॅन्टसी म्हणून उघडावं तर लढाया नि मुंडकी! चार पुस्तकं अर्ध्यात टाकली. मग ट्रॅव्हिस बाल्ड्रीचं २०२२चं ‘लेजंड्स अँड लाटेज’ सापडलं. तलवार खाली ठेवून जुन्या तबेल्यात कॉफीचं दुकान टाकणारी ऑर्क, म्हणजे फॅन्टसीतल्या राक्षसासारख्या दांडग्या जातीची बाई! सुतारकाम, भट्टीतले दालचिनीचे रोल... मले हेच तं पायजे होतं. असल्या निवांत, उबदार फॅन्टसीला ‘कोझी फॅन्टसी’ म्हणतात, हे तेव्हा कळलं.

आता आधी फुकटचा नमुना वाचतो. पहिल्या दोन प्रकरणांत कोणी निवांत जेवलं, काही दुरुस्त केलं, तर घेतो. जग बुडायला निघालं की सोडतो. प्रेमप्रकरण लांबलं तरी मी पेंगतो. मग डुकरं येऊन जातात.