प्रोजेक्ट रिपोर्टच्या आकृत्या: फुकटचं सॉफ्टवेअर आणि एसव्हीजीचा फास

फायनल इयरचा रिपोर्ट लिहायची वेळ आली की कुणीतरी सीनियर पेन ड्राइव्हवर व्हिजिओची (आकृत्या काढायचं मायक्रोसॉफ्टचं विकतचं सॉफ्टवेअर) क्रॅक कॉपी घेऊन येतो. घेऊ नका. व्हायरसची भीती आहेच, शिवाय लॅबच्या ज्या कॉम्प्युटरवर व्हिजिओ नाही तिथे तुमची फाइल अडकून बसेल. फुकटात आणि कायदेशीर मार्गानं सगळं होतं.

फ्लोचार्ट, ईआर (डेटाबेसमधल्या टेबलांची आकृती), यूएमएल (सॉफ्टवेअरच्या रचनेची आकृती) यांसाठी ड्रॉ डॉट आयओची डेस्कटॉप आवृत्ती घ्या. विंडोजवर चालते, लिनक्सवर चालते, लॉगिन लागत नाही, नेट गेलं तरी काम थांबत नाही. इंकस्केप चित्रांसाठी उत्तम, पण फ्लोचार्टसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. तीस-चाळीस टेबलांचा पसारा असेल तर ग्राफविझ बघा: कोण कुणाला जोडलंय एवढंच लिहायचं, मांडणी तेच करतं.

ड्रॉ डॉट आयओत रेषेचं टोक ठोकळ्यावर नेल्यावर कड निळी झाली तर रेषा ठोकळ्याभोवती सरकत राहते. बिंदू हिरवा झाला तर तिथेच पक्की बसते. दोन्ही झालं नाही तर टोक लटकतंय, ठोकळा हलवला की सुटणारच.

आता खरा फास. एसव्हीजी, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांच्या रूपात साठवलेली चित्राची फाइल, कितीही मोठी केली तरी फाटत नाही, म्हणून सगळे तीच काढायला सांगतात. पण ड्रॉ डॉट आयओ ठोकळ्यातला मजकूर एसव्हीजीमध्ये एचटीएमएल (वेबपानांची भाषा) म्हणून घालतं. ब्राउझरला तो दिसतो; इंकस्केपला किंवा वर्डला समजत नाही. तुमच्या स्क्रीनवर सगळं ठीक, आणि नागपुरात बर्डीच्या झेरॉक्सवाल्याकडे नावं गायब किंवा अर्धवट. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं, आकृती नव्यानं काढायची गरज नसते. सगळे ठोकळे निवडा, उजवीकडच्या टेक्स्ट टॅबमध्ये ‘वर्ड रॅप’ आणि ‘फॉर्मॅटेड टेक्स्ट’ या दोन्ही खुणा काढा. मग एक्स्पोर्ट करा. त्यानंतर लांब नावं आपोआप तुटत नाहीत, ओळ हातानं तोडावी लागते. एखादाच शब्द ठळक केला असेल तर तेही जातं.

हे नको असेल तर लेटेकसाठी (रिपोर्ट टाइपसेट करायचं सॉफ्टवेअर) ‘क्रॉप’ची खूण करून पीडीएफ काढा. मराठी नावं असतील तर पीडीएफच बरी, कारण फॉन्ट तिच्यातच जातो आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर अक्षरं ठोकळ्याबाहेर येत नाहीत. वर्डसाठी पीएनजी, झूम ३००%. ड्रॉ डॉट आयओत ए४ पान ८२७ बाय ११६९ पिक्सेल असतं, म्हणजे इंचाला १००. ३००% वर छपाईला लागणारे इंचाला ३०० मिळतात. आकृती मात्र ५८० पिक्सेल रुंदीतच बसवा. डावीकडे दीड आणि उजवीकडे एक इंच समास सोडल्यावर साधारण तेवढीच जागा उरते. जास्त रुंद केली की वर्ड ती दाबतं आणि अक्षरं बारीक होतात. स्क्रीनशॉट चिकटवायला सांगणारा गाईड कितीही प्रेमळ असो, त्याचं ऐकू नका.

पीएनजी काढताना ‘इन्क्लूड अ कॉपी ऑफ माय डायग्राम’वर खूण ठेवा. मूळ फाइल हरवली आणि बाइंडिंगच्या आदल्या रात्री एका ठोकळ्याचं नाव बदलायचं ठरलं, तर तीच पीएनजी परत ड्रॉ डॉट आयओत उघडते. ती व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली तर मात्र आतली आकृती जाते. डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.