मॅन्युअल टेलिफोटो लेन्सने लग्न-मुंजीची छायाचित्रे

हाताने फोकस करायची जुनी १३५ मिलिमीटर, एफ/२.८ (हे छिद्राचे माप; आकडा लहान तितके छिद्र मोठे) लेन्स अ‍ॅडॅप्टरने मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर बसवल्यास, कॅमेऱ्याला ती ओळखता येत नाही, म्हणून मेनूमध्ये 'लेन्सविना शटर' हा पर्याय आधी सुरू करावा.

फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर चार मीटर अंतरावरून एफ/२.८ ला स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो, जेमतेम १५ सेंटिमीटर मिळते. म्हणून वधूवर दोघांचे चेहरे स्पष्ट हवे असतील तर एफ/४ किंवा एफ/५.६ ठेवून दोघे समान अंतरावर येतील अशी जागा धरावी. अंतरपाट दूर होण्याचा क्षण धावत्या फोकसने हाती लागत नाही. मंगलाष्टके चालू असतानाच पडद्यावर प्रतिमा मोठी करून वधूच्या मुंडावळ्यांवर फोकस बांधावा, मग रिंगला हात न लावता, अक्षतांचा मारा सोसत, 'शुभमंगल सावधान'ची वाट पाहावी. मुंजीत मातृभोजनाच्या वेळी आई आणि बटू बसलेलेच असतात, त्यामुळे ते काम सोपे.

शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये. नाशिकच्या गंगापूर रोडवरील खुल्या लॉन्सवर दिवसा हे सहज जमते. बंदिस्त कार्यालयात मात्र आयएसओ (प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बेलाशक वाढवावा, कारण दाणेदार छायाचित्र चालते, हललेले चालत नाही. गुरुजींच्या आणि व्हिडिओवाल्याच्या मधून दृष्टी जाईल अशी कोपऱ्यातली खुर्ची मात्र लवकर जाऊन अडवावी.