रेडीमेड गेमिंग पीसीवर गेम अडकतोय? कार्ड घ्यायच्या आधी हे करून बघा

तीस-पस्तीस हजारांत बॉक्स घेतला, आत रंगीत लाईटवाले पंखे, बाहेर गेमिंगचं स्टिकर, आणि घरी आणून जीटीए फाइव्ह लावला तर गाडी वळवली की स्क्रीन अडकतोय. कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं, ग्राफिक्स कार्ड टाक. नका टाकू, निदान आज तरी नका. अशा स्वस्त पीसीत पार्ट दरवेळी टाकाऊ असतात असं नाही, बऱ्याचदा पार्ट ठीकठाक असतात पण जोडणाऱ्याने पैसे नाहीतर वेळ वाचवायला काम अर्धवट सोडलेलं असतं, आणि ते नीट करायला कधी कधी एक रुपयाही लागत नाही.

आधी आत नक्की काय आहे ते बघा, बिलावर किंवा जाहिरातीत काय लिहिलंय ते नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा आणि सीपीयूचं म्हणजे प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा. नुसतं आय सेव्हन आहे म्हणून खूश होऊ नका. आय सेव्हन २६०० हा २०११ चा प्रोसेसर, ४ कोर ८ थ्रेड. आय थ्री १२१०० हा २०२२ चा, त्यालाही ४ कोर ८ थ्रेडच, पण हा आय थ्री त्या आय सेव्हनला आरामात मागे टाकतो. ऑफिसांतून निघालेले दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनचे पीसी नव्या चकचकीत कॅबिनेटमध्ये घालून, सोबत जीटी ७१० किंवा जीटी ७३० लावून गेमिंगच्या नावाखाली विकले जातात. तुमचा तसला निघाला तर पुढचं करून थोडा फरक पडेल पण चमत्कार होणार नाही, जीटी ७१० हे मुळात डिस्प्ले यावा म्हणून लावायचं कार्ड आहे. आणि कार्ड जुनं किंवा सेकंडहँड असेल तर जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर एकदा चालवाच. जुन्या एनव्हिडिया चिपवर वेगळा बायोस (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकून नव्या कार्डाच्या नावाने विकलेला माल ते बऱ्याचदा पकडतं आणि नावाच्या आधी सरळ फेक असं लिहून दाखवतं.

मग पीसीच्या मागे जाऊन केबल बघा. हसू नका, हे खूप होतं. कार्ड असूनही एचडीएमआय केबल वरच्या बाजूला मदरबोर्डच्या पोर्टात खुपसलेली असते आणि सगळा गेम प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर चाललेला असतो. केबल खाली आडव्या पोर्टात, म्हणजे कार्डात पाहिजे. तिथेच असताना मॉनिटरचंही उरकून टाका, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये ६० वरच ठेवणारे कमी नाहीत. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे बदलतं.

आता मोजायचं. एमएसआय आफ्टरबर्नर हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं, त्याच्यासोबत रिव्हाट्यूनर येतं तेही टाका, आणि मॉनिटरिंगमध्ये जीपीयू (ग्राफिक्सची चिप) वापर, जीपीयू तापमान, प्रत्येक कोरचा वापर, सीपीयू तापमान, रॅम आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात) एवढं स्क्रीनवर दिसेल असं लावा. व्हॅलोरंटसाठी याची गरज नाही, त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्येच स्टॅट्स म्हणून टॅब आहे, तिथे फ्रेमरेट आणि नेटवर्कचे आकडे दोन्ही चालू करता येतात. हे नेटवर्कचं मुद्दाम सांगतोय, कारण फ्रेमरेट १२० वर ठाम आहे आणि पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) उड्या मारतोय तर तो प्रश्न बहुतेक वायफायचा आहे, पीसीला शिव्या देऊन उपयोग नाही, लॅनची वायर लावा.

आकडे दिसले की वाचायचे असे. जीपीयू सतत ९५ ते ९९ वर असेल तर ग्राफिक्स कमी पडतंय. जीपीयू ५०-६० वर लोळतोय आणि एखाद-दोन कोर पूर्ण भरलेत तर प्रोसेसर नाहीतर रॅम अडवतेय. दोन्ही निवांत आहेत आणि फ्रेमरेट बरोबर ३० किंवा ६० वर चिकटलाय तर व्हीसिंक (फ्रेमरेट मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) किंवा गेममधली लिमिट चालू आहे, ती काढा. सॉफ्टवेअर टाकायचा कंटाळा असेल तर सोपी परीक्षा, रेझोल्युशन १०८० वरून ७२० पी करा. १०८० पी मध्ये जवळपास २०.७ लाख पिक्सेल असतात, ७२० पी मध्ये ९.२ लाख, म्हणजे ग्राफिक्सचं काम निम्म्याहून कमी झालं. तरी फ्रेमरेट जागचा हलला नाही तर नवीन कार्ड घेऊनही हलणार नाही, एवढं लक्षात ठेवलंत तरी पैसे वाचतील.

आता रॅम. इथे जरा थांबतो कारण स्वस्त पीसीतली निम्मी दुखणी मला इथेच दिसतात. समजा तुमच्याकडे रायझन ५ ५६००जी आहे, या बजेटमधला खूप चालणारा प्रोसेसर, कार्डाशिवाय चालतो कारण आतच वेगा ७ ग्राफिक्स आहे. पण या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्या रॅममधूनच खातं. डीडीआर४ ची ३२०० ची एकच स्टिक असेल तर सेकंदाला २५.६ जीबी एवढाच डेटा जातो, तशाच दोन लावल्या तर ५१.२. तुलनेला सांगतो, जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला १२८ जीबी किंवा त्याहून जास्त असतो. म्हणजे आधीच अरुंद रस्ता आणि एक स्टिक टाकून दुकानदाराने त्याचीही एक लेन बंद केली. १६ जीबीची एक स्टिक आणि ८-८ च्या दोन, बिलावर दोन्ही १६ च दिसतात, गेममध्ये फरक डोळ्यांना कळतो.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा, स्लॉट्स यूज्ड बघा. दोनपैकी एक किंवा चारपैकी एक असं असेल तर तुमचं दुखणं सापडलं बहुतेक. दुसरी स्टिक शक्यतो त्याच साइजची, त्याच स्पीडची घ्या. बोर्डावर चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून साधारण दुसऱ्या आणि चौथ्यात लावायच्या, शेजारी-शेजारी लावल्या तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर, म्हणजे त्या एकाच लेनवर जातात आणि खर्च पाण्यात. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत त्यामुळे घेण्याआधी दोन-तीन दुकानांत विचारा.

तिथेच स्पीडचा आकडा पण दिसतो. ३२०० ची रॅम घेतली आणि तिथे २१३३, २४०० किंवा २६६६ दिसतंय तर बहुतेक एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवणारी सेटिंग) बंद आहे. पीसी चालू होताना डिलीट दाबत राहा, बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा सेटिंगचा भाग) उघडेल, त्यात एक्सएमपी नाहीतर डीओसीपी असं काहीतरी असतं, ते चालू करा, सेव्ह करून बाहेर या. फुकटचा स्पीड आहे हा. सीपीयू-झेड मध्ये बघणार असाल तर तिथे आकडा निम्मा दिसतो, १६०० म्हणजेच ३२००, उगाच घाबरू नका. पीसी चालूच झाला नाही तर बहुतेक बोर्ड दोन-तीनदा प्रयत्न करून आपोआप जुन्या सेटिंगवर येतात, नाही आला तर बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये सीमॉस क्लिअर (बायोसच्या सेटिंग मुळासारख्या करणं) कसं करायचं ते दिलेलं असतं.

बायोसमध्ये आहातच तर यूएमए फ्रेम बफर शोधा, आतल्या ग्राफिक्ससाठी किती रॅम बाजूला ठेवायची ते तिथे ठरतं. एकूण १६ जीबी असेल तर २ जीबी द्या. एकूण ८ च असेल तर जपून, २ तिकडे गेली की ६ उरते, त्यात विंडोज, त्यात क्रोमचे वीस टॅब, मग गेम अडकणारच. ८ जीबीवाल्यांनी गेम लावताना क्रोम बंद करायची सवय लावून घ्या, बाकी काही नाही.

पुढचं दुखणं उष्णता, आणि आपल्याकडे तर मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीच चाळिशीला टेकलेली असते. याची खूण अशी की पहिली पंधरा-वीस मिनिटं गेम मस्त चालतो आणि मग हळूहळू अडकायला लागतो. ५६००जी ची मर्यादा ९५ अंश आहे, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची १०० च्या आसपास, तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला स्पीड कमी करतो. ९० च्या आसपास राहत असेल तर कॅबिनेटची बाजूची काच किंवा पत्रा काढून तोच गेम परत खेळा. तापमान झटकन खाली आलं तर आत हवाच जात नाहीये. समोर अख्खी काच लावलेले कॅबिनेट दिसायला भारी, पण हवा आत येणार कुठून, आणि त्यात ते कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात भिंतीला चिकटवून ठेवलेलं असतं. आधी तिथून बाहेर काढा. मग पंखे कुठल्या दिशेने लावलेत ते बघा, पुढचे आत ओढणारे आणि मागचा बाहेर फेकणारा पाहिजे, सगळेच बाहेर फेकणारे लावलेले पीसी मिळतात, खरंच.

बाजू उघडूनही तापमान तेवढंच असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट वाळलीय. कूलर काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, वाटाण्याएवढी नवीन पेस्ट लावा. एएम४ सॉकेटवाल्या (५६००जी त्यातलाच) रायझनचा कूलर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. गेम दहा मिनिटं चालवून पीसी गरम असतानाच बंद करा, प्लग काढा, आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. धूळ ब्लोअरने काढताना पंखा बोटाने धरून ठेवायचा.

हार्ड डिस्कबद्दल फार बोलत नाही, विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी घ्या, विषय संपला. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या वर वाचते, हार्ड डिस्क शंभर-दीडशेच्या आसपास. याने सरासरी फ्रेमरेट वाढत नाही पण मॅप लोड होताना किंवा नव्या भागात शिरताना बसणारे झटके कमी होतात.

विंडोजमधलं पटकन. ग्राफिक्सचा ड्रायव्हर एएमडी, एनव्हिडिया किंवा इंटेलच्याच साइटवरून घ्या, गडबड वाटली तर डीडीयू हे ड्रायव्हर काढायचं सॉफ्टवेअर वापरून जुना पूर्ण काढून मग नवा टाका. स्टार्टअपमधले नको ते बंद करा, गेमबारचं मागे चालणारं रेकॉर्डिंग बंद करा, पॉवर प्लॅन पॉवर सेव्हरवर नाही ना ते बघा. विंडोज सिक्युरिटीमधली मेमरी इंटिग्रिटी बंद केली तर काही पीसींवर थोडे फ्रेम वाढतात, पण ती सुरक्षेसाठी आहे, बँकेची कामं त्याच पीसीवर करत असाल तर मी तरी हात लावणार नाही. बायोसमधल्या सिक्युअर बूट आणि टीपीएम या सुरक्षेच्या सेटिंग तर बंद करूच नका, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला दोन्ही लागतात. आणि गेम बूस्टर, रॅम क्लीनर असल्या गोष्टी टाकू नका, त्याच बॅकग्राउंडला बसून रॅम खातात.

गेमच्या सेटिंगमध्ये आधी शॅडो लो करा, मग रिफ्लेक्शन, मग एफएसआर (कमी रेझोल्युशनचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) असेल तर चालू करा, ते जवळपास कुठल्याही कार्डावर चालतं. टेक्श्चर लगेच कमी करायची घाई नको, कार्डाची मेमरी पुरत असेल तर त्याने फ्रेम फारसे वाढत नाहीत, चित्र मात्र घाण दिसतं.

एवढं सगळं करूनही जीपीयू ९९ वरच असेल तर मग कार्ड घ्या, आणि तिथेही डोळे उघडे ठेवून. ५६००जी मध्ये पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता) जुनं ३.० आहे, बोर्ड ४.० चा असला तरी, आणि आरएक्स ६५०० एक्सटी फक्त ४ लेन वापरतं, त्यामुळे या जोडीत ते कार्ड आणखी मार खातं. त्यापेक्षा आरएक्स ६६०० बरं, ८ लेन, ८ जीबी मेमरी, १३२ वॉट, पण त्याला ८ पिनची पॉवर वायर लागते आणि बऱ्याच रेडीमेड पीसींच्या एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) ती नसतेच. एसएमपीएसवर नुसतं ४५० वॉट लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, बाजूच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा, तिथे बारा-पंधरा अँपिअर असेल तर कार्डासोबत एसएमपीएसचेही पैसे धरा. स्वस्त कन्व्हर्टर वायर लावून भागवू नका, वितळू शकते.

शेवटी वॉरंटीचं. कॅबिनेटला सील असेल तर ते तोडायच्या आधी दुकानात विचारा, उघडलं की वॉरंटी गेली असं म्हणणारे आहेत. एक्सएमपी, केबल, सेटिंग हे सगळं कॅबिनेट न उघडता होतं, ते घरीच करा. रॅम आणि पेस्टसाठी पीसी दुकानात नेणार असाल तर टास्क मॅनेजरचे फोटो, गेममधल्या तापमानाचे आकडे आणि बिल सोबत न्या, नाहीतर विंडोज फॉरमॅट करून परत हातात देतील आणि त्याचेही पैसे घेतील.