तुमच्या ऑनलाइन गेमवरची माणसं स्टुडिओ काढून घेतोय का? पैसे घालायच्या आधी हे बघा

गेम बंद करतोय असं सांगणारं पत्र सगळ्यात शेवटी येतं. "आमच्या लाडक्या प्लेयर्सना" वगैरे सुरुवात, मग दोन परिच्छेद आभार, मग तारीख. तोपर्यंत त्या गेमवरची कामाची माणसं कधीच शेजारच्या टीममध्ये जाऊन बसलेली असतात आणि आपण मात्र मागच्याच आठवड्यात बॅटल पास (सीझनभराच्या बक्षिसांसाठी पैसे भरून घ्यायचा पास) घेतलेला असतो. त्यामुळे पत्राची वाट बघू नका, माणसं कुठे चाललीत ते बघा, आणि ते बाहेर बसूनही बऱ्यापैकी दिसतं.

आधी एक गैरसमज काढू. लोकांना वाटतं गेम तोट्यात गेला की बंद होतो. दरवेळी तसं नसतं हो. स्टुडिओकडे पैशापेक्षा टंचाई असते ती जाणत्या माणसांची, म्हणजे सर्व्हर सांभाळणारे, नेटवर्क कोड लिहिणारे, त्याच इंजिनवर (ज्या सॉफ्टवेअरवर गेम बांधतात ते) वर्षानुवर्षं काम केलेले ॲनिमेटर, असे लोक बाहेरून घ्यायचे म्हटले तर भरतीत महिने जातात आणि मग शिकवण्यात अजून महिने. एखादा गेम अचानक उसळला की एवढा वेळ कुणाकडे असतो? मग घरातल्याच दुसऱ्या गेमवरून माणसं उचलतात. म्हणून "माझा गेम बरा चाललाय का" हा प्रश्न अर्धवट आहे, खरा प्रश्न असा की याच स्टुडिओत दुसरं काहीतरी याच्यापेक्षा भयंकर जोरात चाललंय का.

एपिक या गेम कंपनीचं उदाहरण नीट बघा, कारण सगळ्या खुणा त्यात एका जागी सापडतात. 2017 च्या मध्याला त्यांच्याकडे तीन ऑनलाइन गेम होते. पॅरागॉन हा मोबा (दोन टीम एकमेकांचा तळ पाडतात तो प्रकार), नवीन अनरियल टूर्नामेंट हा बंदुकांचा गेम, आणि फोर्टनाइट, जो तेव्हा पैसे देऊन घ्यायचा झोंबी मारायचा गेम होता (सेव्ह द वर्ल्ड). सप्टेंबर 2017 मध्ये फोर्टनाइटचा फुकट बॅटल रॉयाल मोड (शेवटचा उरेल तो जिंकला, असा प्रकार) आला, तो काही महिन्यांत उभा केलेला आणि त्यात अनरियल टूर्नामेंटची टीम कामाला लावलेली. पुढचं सगळ्यांना माहितीये. जानेवारी 2018 मध्ये पॅरागॉनच्या टीमने स्वतःच लिहून टाकलं की आमच्यातले बरेच जण फोर्टनाइटच्या मदतीला गेलेत आणि त्यामुळे आमचा वेग मंदावलाय. इथेच पाल चुकचुकायला हवी होती, आणि बऱ्याच जणांच्या मनात चुकचुकलीही. त्याच महिन्याच्या शेवटी बंद करायची घोषणा आली आणि 26 एप्रिल 2018 ला सर्व्हर गेले. अनरियल टूर्नामेंटचं तर आणखी विचित्र, काम कधीच थांबलं होतं पण ते अधिकृतपणे सांगितलं डिसेंबर 2018 मध्ये. आणि गंमत म्हणजे ज्या झोंबीवाल्या मोडवरून हे सगळं सुरू झालं त्यालाही 2020 मध्ये सांगितलं की आता नवीन गोष्टींचा वेग कमी होणार. एकाच छपराखाली हिट गेम असला की बाकीच्यांच्या ताटातलं असं हळूहळू कमी होत जातं.

आता स्वतःच्या गेमसाठी हे कसं करायचं.

पहिलं, गेम बनवणाऱ्या स्टुडिओचं नाव शोधा, तो बाजारात आणणाऱ्या पब्लिशरचं नाही. तो स्टुडिओ अजून काय बनवतोय ते लिहून काढा, आलेलं आणि जाहीर केलेलं दोन्ही. बायोवेअरचा अँथम फेब्रुवारी 2019 मध्ये आला, पडला, मग तो नव्याने उभा करायला तीसेक जणांची टीम बसवली. तीस माणसं एवढा मोठा ऑनलाइन गेम नव्याने बांधणार, आणि त्याच स्टुडिओच्या डोक्यावर पुढचा ड्रॅगन एज आणि पुढचा मास इफेक्ट! फेब्रुवारी 2021 मध्ये ते काम बंद केलं आणि कारण काय दिलं, तर याच दोन गेमवर लक्ष द्यायचंय. ज्याने यादी काढली असती त्याला नवल वाटलं नसतं.

दुसरं, पॅच नोट्स, म्हणजे प्रत्येक अपडेटमध्ये काय बदललं त्याची यादी. पण नुसत्या वाचू नका, मागच्या वर्षभराच्या एकाशेजारी एक उघडून ठेवा. सीझन (नवीन गोष्टींचा एक टप्पा) किती आठवड्यांचा होता आणि आता किती ताणलाय, नवीन मॅप येतोय की जुन्याच मॅपला संध्याकाळचा रंग मारून परत दिलाय, नवीन हिरो किंवा बंदूक येतेय की नुसत्या स्किन, म्हणजे वरवरचे कपडे-रंग. स्किन करायला आर्टिस्ट पुरतो, नवीन मोडला प्रोग्रॅमर, डिझायनर, टेस्टर सगळेच लागतात. दुकान भरलेलं आणि गेम रिकामा दिसला तर समजा प्रोग्रॅमर हलवलेत. इथे एक मेख आहे, आज जे अपडेट आलंय ते काम काही महिन्यांपूर्वीच होऊन गेलेलं असतं, त्यामुळे माणसं गेल्यावरही एखादा सीझन झोकात येतो. युबिसॉफ्टच्या एक्सडिफायंट या गेमचं बघा ना, डिसेंबर 2024 मध्ये बंद करणार म्हणून सांगितलं, आणि तरी तिसरा सीझन आला. टीममधल्या जवळजवळ निम्म्या लोकांना कंपनीतच दुसरीकडे घेणार असंही तेव्हाच सांगितलं, बाकीच्यांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे "अरे पण आत्ताच तर एवढं मोठं अपडेट आलं" याच्यावर अजिबात जाऊ नका.

तिसरं, भाषा. ब्लिझार्डने 13 डिसेंबर 2018 ला आपल्या हिरोज ऑफ द स्टॉर्म या गेमबद्दल लिहिलं तेव्हा बंद हा शब्द कुठेच नव्हता, काही डेव्हलपर दुसऱ्या प्रोजेक्टवर जातायत, नवीन हिरो येत राहतील, फक्त वेग बदलेल, एवढंच. आणि त्याच पत्रात पुढच्या वर्षीची अख्खी ईस्पोर्ट्स लीग रद्द! त्या लीगवर पोट असलेल्या खेळाडूंचं वर्ष एका दिवसात गेलं. तेव्हापासून माझा नियम असा की "वेग बदलेल", "दीर्घकाळ टिकेल असा सपोर्ट" असले गोडगोड शब्द दिसले की पुढे स्पर्धेच्या बक्षिसाचं काय केलंय ते शोधायचं. स्पर्धेचा खर्च कापायला सोपा असतो, तो लवकर जातो.

चौथं, माणसं. गेम डायरेक्टर बदलला का, बदलला तर गेला कुठे? कंपनी सोडली तर एक अर्थ, त्याच कंपनीच्या "अजून जाहीर न झालेल्या प्रोजेक्टवर" गेला तर पूर्ण वेगळा अर्थ. स्टुडिओच्या करिअर्स पानावर जाऊन बघा, तुमच्या गेमच्या नावाने किती जागा निघाल्यात. एकही नाही आणि शेजारच्या गेमसाठी रांग लागलीय, तर अजून काय पाहिजे. आणि प्रोजेक्ट सरकवणं काही परदेशातच चालतं असं नाही, प्रिन्स ऑफ पर्शियाच्या सँड्स ऑफ टाइमचा रीमेक युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओकडे होता, मे 2022 मध्ये तो उचलून माँट्रियलला दिला. तो ऑनलाइन गेम नाही मान्य, पण रीत तीच.

स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानावरचे प्लेयर आकडे? बघा, पण फार डोकं लावू नका. आकडे पडले म्हणून कंपनी हात आखडता घेते की कंपनीने हात आखडता घेतला म्हणून आकडे पडतात हे त्यातून कळत नाही. आपल्यासाठी त्यापेक्षा कामाचं म्हणजे मुंबई सर्व्हर असेल तर रात्री अकरा वाजता मॅच किती वेळात लागते ते, आणि गेम तुम्हाला गुपचूप सिंगापूरच्या सर्व्हरवर ढकलतोय का ते.

आता उलटी बाजू, नाहीतर दर शांत महिन्याला तुम्ही गेम मेला म्हणून ओरडत सुटाल. कधीकधी माणसं पडत्या गेमकडे येतात. फायनल फँटसी 14 सप्टेंबर 2010 मध्ये आला तो इतका वाईट की कंपनीने महिन्याची फी घेणंच थांबवलं, डिसेंबरमध्ये कंपनीतल्याच नाओकी योशिदा या डेव्हलपरला दुसऱ्या कामावरून प्रमुख म्हणून आणून बसवला, त्याच्यासोबत इतर टीममधलेही लोक आले, आणि त्यांनी जुना गेम चालू ठेवून बाजूला नवा बांधला. नोव्हेंबर 2012 मध्ये जुन्याचे सर्व्हर बंद, ऑगस्ट 2013 मध्ये नवा हजर. एवढा खर्च का केला? कारण फायनल फँटसी हे नाव बुडवणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यामुळे तुमच्या गेमच्या नावावर कंपनीची अब्रू टांगलेली आहे का हेही बघा, नवीन नावाचा गेम असेल तर त्याला वाचवायला कुणी धावत नाही. आणि 2017 मध्ये रेनबो सिक्स सीज या गेमने ऑपरेशन हेल्थ काढलं, म्हणजे नवीन ऑपरेटर (त्यातली पात्रं) पुढे ढकलून आधी सर्व्हर आणि बग दुरुस्त करायचे. लोक चिडले, पण काय दुरुस्त करणार आणि कधी हे लिहून दिलेलं होतं. शांतता आणि दुरुस्ती यातला फरक तिथेच कळतो, यादी देतात की नुसतं "आम्ही ऐकतोय" म्हणतात.

आणि मेंटेनन्स मोड, म्हणजे सर्व्हर चालू पण नवीन फारसं काही नाही, हे मरण नव्हे. स्टारक्राफ्ट 2 साठी विकायचा नवीन मजकूर बनवणं 2020 मध्येच थांबवलं, पण लोक रँकसाठीच्या मॅच अजून खेळतायत. तुम्हाला जे आवडतं ते आधीच गेममध्ये असेल तर खुशाल खेळा, फक्त पुढे येणाऱ्या गोष्टींच्या आशेवर पैसे देऊ नका.

पैशाचं थोडक्यात. वरच्या चारपैकी दोन खुणा दिसल्या की वर्षभराचा पास बंद, मोठा करन्सी पॅक (गेममध्ये चालणारे पैसे) बंद, घ्यायचंच तर आत्ता हातात मिळतंय तेवढंच घ्या. रिफंडच्या भरवशावर राहू नका. पॅरागॉनने सगळ्यांना पैसे परत दिले, सोनीच्या काँकॉर्डने 2024 मध्ये दोन आठवड्यांत गेम काढून घेतला तेव्हाही दिले, पण तो काही नियम नाही. अँथममध्ये जुलै 2025 मध्ये करन्सी विकणं थांबवलं आणि उरलेली सर्व्हर चालू आहेत तोवर वापरा म्हणाले, मग 12 जानेवारी 2026 ला सर्व्हर बंद, आणि ऑफलाइन मोड नसल्यामुळे ज्याने पूर्ण किंमत मोजून डिस्क घेतली त्याच्याकडे आता नुसती डिस्क आहे. बंदची घोषणा झाली की त्याच दिवशी ऑटो-रिन्यू काढा, पावत्यांचे मेल एका फोल्डरमध्ये टाका, आणि रिफंडचा फॉर्म असेल तर मुदत बघून लगेच भरा, कारण असले फॉर्म कायमचे उघडे राहत नाहीत.