टायमिंग चेन ढिली झाली का? झाकण काढून तपासणी

टायमिंग चेन म्हणजे क्रँकच्या फिरण्याशी व्हॉल्व्ह उघडणारा कॅम जुळवून ठेवणारी इंजिनातली साखळी. सकाळी गार इंजिनाला पहिला स्टार्ट मारल्यावर दोन-तीन सेकंद पुढच्या बाजूने खडखड येते, मग थांबते. रात्रभरात हायड्रॉलिक टेन्शनरमधलं (ऑइलच्या दाबाने चेन ताणून धरणारा भाग) ऑइल उतरलेलं असतं. ऑइल लेव्हल आणि ग्रेड बरोबर असूनही आवाज लांबत गेला, किंवा स्कॅनरवर पी००१६ कोड (क्रँक आणि कॅमची जुळणी चुकल्याचा) आला, तर टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढायचंच.

बॅटरी काढून, प्लग काढून, क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन फिरण्याच्या दिशेनेच फिरवलं. उलट फिरवलं तर ढील टेन्शनरकडून निघून दुसऱ्या बाजूला येते, आणि चेन स्प्रॉकेटच्या (दातेरी चाकाच्या) दातावरून उडी मारून पुढच्या दातावर बसू शकते. पुलीची खूण टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतानाची जागा) असताना कॅमची खूण सरकलेली, टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर, गाइडवर (चेन ज्यावरून घसरते ती प्लॅस्टिकची पट्टी) खोल चरे. चेन ताणली म्हणतात, पण चेनच्या कड्यांच्या पट्ट्या ताणत नाहीत. पिना आणि बुश झिजून लांबी वाढते.

नुसती चेन बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट, पुढचं ऑइल सील, सगळं एकदम. संपही (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उघडला: गाळणीत गाइडच्या प्लॅस्टिकचे काळे तुकडे.

नवीन टेन्शनर बसवल्यावरच त्याची दांडा अडवून ठेवणारी पिन ओढा. मग हाताने दोन पूर्ण फेरे. खुणा जुळल्या पाहिजेत. चेन बसवताना खुणांशी जुळवलेल्या रंगीत कड्या आता जुळणार नाहीत, घाबरू नका.